नॉकिंग मोजण्याचे साधन

७ फेब्रुवारी

आजपासून ही वही माझी. गॅरेजमधली वही वेगळी. तिच्यात आकडे आणि निरीक्षणं लिहायची, मतं लिहायची नाहीत, असा ह्यांचा नियम आहे. चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली, त्यातली अकरा सुपरवायझर म्हणून, तेव्हा नोंदवही कशी ठेवायची हे मला इंजिनवाल्यांकडून शिकायचं नाही. पण मतं कुठेतरी ठेवायला हवीत, नाहीतर ती जेवताना बाहेर पडतात.

आज पंप बनवणाऱ्या कंपनीचं पत्र आलं. अठ्ठावीस मार्चला त्यांचा इंजिनियर ह्यांचं इंजिन बघायला येणार. सहा वर्षांत पहिल्यांदा कुणी येतंय. ह्यांनी पत्र तीनदा वाचलं आणि चष्म्याच्या घरात ठेवलं. आता चष्मा कुठे ठेवणार आहेत कोण जाणे.

८ फेब्रुवारी

काल काय ते नीट लिहिलं नाही. स्पार्क प्लग नसलेलं पेट्रोल इंजिन, अशी ही भानगड आहे. साध्या इंजिनात ठिणगी ठरल्या क्षणी पडते, शाळेच्या घंटेसारखी. ह्यांच्या इंजिनात घंटाच नाही. तिच्या जागी एक पितळी नळी, आणि नळीच्या पोटात प्लॅटिनमच्या तारेचं वेटोळं. सुरू करताना तार बॅटरीने तापवायची. इंजिन चालायला लागलं की बॅटरी काढून घ्यायची, मग तार आपल्याच आगीत लाल राहते. नळीच्या टोकाला चार भोकं आहेत. आग नळीत लागते आणि चार जिभा होऊन सिलिंडरमध्ये शिरते. हवा जास्त आणि पेट्रोल कमी असं जे पातळ मिश्रण ठिणगीला दाद देत नाही ते या जिभांना पेटतं, म्हणून पेट्रोल कमी लागतं. एवढंच ह्यांचं म्हणणं, आणि त्यासाठी आमच्या गाडीने सहा वर्षं उन्हात उभं राहायचं.

घंटा नसली तर शाळा कधी भरवायची हे ठरतं तार किती खोल आहे त्यावर. ती ज्या स्क्रूवर बसवली आहे त्याच्या डोक्याखाली तांब्याचे वॉशर असतात. वॉशर वाढवले की तार भोकांपासून वर सरकते, आग उशिरा लागते, इंजिन सुस्तावतं. वॉशर काढले की आग लवकर लागते आणि जोर वाढतो. पण फारच लवकर लागली तर वर येणाऱ्या पिस्टनच्या डोक्यावर हाणते. तेव्हा आतून बारीक, धातूचा टिणटिण आवाज येतो, पेल्याच्या काठावर चमचा मारावा तसा. याला नॉकिंग म्हणतात. दुर्लक्ष केलं तर पिस्टनला भोक पडतं. आणि पिस्टन एकच आहे. ज्या कारखान्याने ओतून दिला तो बंद पडला.

तर हा आवाज ऐकायचा कुणी? ह्यांनी इंजिन-चाचणीच्या शेडमध्ये एकतीस वर्षं नोकरी केली आणि कान तिथेच ठेवून आले. कानाला यंत्र लावतात, पण गॅरेजमध्ये ते किंचाळतं म्हणून खिशात टाकतात. एकदा नॉकिंगचा मीटरही मागवला होता. झडपांच्या खडखडाटाने त्याचा काटा असा काही नाचायला लागला की तो कपाटात गेला. म्हणून ऐकते मी. दारात उभी राहते आणि हात वर करते. मूठ म्हणजे काही नाही. एक बोट म्हणजे अधूनमधून, दोन म्हणजे सतत, तीन म्हणजे ताबडतोब बंद करा. इंजिन चालू असताना हे इंजिनाकडे बघतच नाहीत, माझ्या हाताकडे बघतात. लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली, त्यातली ही सहाच वर्षं माझ्याकडे एवढं लक्ष.

११ फेब्रुवारी

कंपनीचा फॉर्म भरून पाठवला. अक्षर माझं, कारण ह्यांचं अक्षर ह्यांनाच लागत नाही. एक रकाना होता: ‘नॉकिंग मोजण्याचे साधन’. मी लिहिलं, ‘कान (माझे)’. हे म्हणाले, असं चालेल का? मी म्हटलं, न चालायला काय झालं, रात्रपाळीत बोलायच्या आधी नुसत्या श्वासावरून सांगत असे पलीकडे कोण आहे ते.

१५ फेब्रुवारी

सात वॉशरवर चालवलं. जनरेटरला बारा बल्बांची फळी जोडली आहे. एकेक बल्ब लावत गेलं की इंजिनावर ओझं वाढतं. सहा बल्बांवर इंजिन धापा टाकायला लागलं. नॉकिंग नाही. मूठ.

सहा बल्ब कुठलंही इंजिन लावेल. हे रात्री नीट जेवले नाहीत.

१९ फेब्रुवारी

एक वॉशर काढला. सहा वॉशर, सात बल्ब. मूठ. डिसेंबरात याच सहा वॉशरवर मी दोन बोटं वर केली होती, वहीत नोंद आहे. ह्यांचं मत असं, की जानेवारीत नळीची भोकं नव्याने पाडली त्याचा हा गुण. शक्य आहे. भोकं पाडताना ह्यांनी माझी शिवणाची सर्वांत बारीक सुई मोजमापाला नेली होती, ती अजून परत आलेली नाही.

नवीन किटली मात्र भिकार निघाली. शिट्टीवाली म्हणून घेतली, शिट्टी आठवडाभर वाजली आणि बसली. पाणी आटून बूड काळं झालं. दुकानात जाऊन सांगितलं तर दुकानदाराने तिथेच पाणी उकळून दाखवलं आणि म्हणाला, वाजतेय की. दुकानात इतका गोंगाट होता की काहीही वाजलं असतं.

२४ फेब्रुवारी

लेकीचा फोन. हल्ली सगळ्या जगाने पुटपुटायचं ठरवलं आहे आणि त्यात ही पुढे. तिला म्हटलं, तोंड उघडून बोल, आम्हाला शाळेत सिस्टर दातांत पेन्सिल धरून कविता म्हणायला लावायच्या. ती म्हणाली, आई, मी ओरडतेय. लाइनमध्येच दोष असणार. रिसीव्हर डाव्या कानावरून उजव्यावर घेतला तेवढ्यात लाइन सुधारली. एक्स्चेंजमध्ये अजून कुणीतरी काम करत असावं.

तिने कान तपासून घेण्याबद्दल काहीतरी सुचवलं. मी फोन ठेवला.

२ मार्च

पाच वॉशर. आठ बल्ब. मूठ. हे शिट्टी वाजवत घरात आले. म्हणजे ओठांचा चंबू केला होता. ह्यांची शिट्टी ह्यांच्या आवाजासारखीच क्षीण झाली आहे.

६ मार्च

शेजारीण आली होती. ही दातांची डॉक्टर. तिच्या दवाखान्याची आणि आमच्या गॅरेजची भिंत एकच. बावन्न वर्षांची घोडी मला काकू म्हणते, आणि तेही लाडात. म्हणाली, काकू, इंजिनाचा आवाज बदलला का हो? पूर्वी नुसती धडधड असायची, आता मध्येच कुणीतरी चमच्यांचा डबा हलवल्यासारखं होतं, खुर्चीतले पेशंट दचकतात.

मी म्हटलं, तुमच्या ड्रिलला दचकत असतील. आमच्या इंजिनाचा आवाज मी स्वतः ऐकते आणि नोंदवते.

ती हसली. तिचे दात चांगले आहेत, पण फार दाखवते.

९ मार्च

चार वॉशर. नऊ बल्ब. मूठ.

हे म्हणाले, तुझ्या हाताचा फोटो काढून ठेवावासा वाटतो. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने असं बोलू नये. मी नोंद पूर्ण केली.

दर वेळी चालवून झालं की तार आणि नळी जुन्या टूथब्रशने साफ करणं माझ्याकडे. आज नळीच्या तोंडाशी मोहरीएवढे चकचकीत ठिपके दिसले. गॅरेजच्या वहीत लिहिलं: ‘चकचकीत ठिपके, नवीन’. प्लॅटिनम आहे, चमकणारच.

१३ मार्च

खिडकीत चिमण्या येतात, दाणे टिपतात, एकमेकींकडे बघून चोची उघडतात आणि काही बोलत नाहीत. चोचीत पेन्सिल धरून कविता म्हणायला त्यांनाही कुणी लावलेलं दिसत नाही.

१७ मार्च

तीन वॉशर. दहा बल्ब.

लिहून ठेवते, कारण हे पुन्हा पुन्हा घडणार नाही. दहावा बल्ब लागला आणि इंजिन धापलं नाही. गॅरेजच्या भिंती पिवळ्या झाल्या. एवढ्या मापाच्या इंजिनाने नऊच्या वर जाऊ नये, असं ह्यांनीच मला अनेकदा सांगितलं आहे. मी मूठ धरून उभी होते. हे माझ्या मुठीकडे बघत होते, मग बल्बांकडे, मग पुन्हा मुठीकडे. जरा जास्तच वेळ बघत होते. विचारलं तर म्हणाले, काही नाही.

ठिपके वाढले आहेत.

२२ मार्च

शेजारीण दुपारी दवाखान्याचा छोटा आरसा घेऊन आली, दात बघायचा, लांब दांड्याचा. ह्यांनी मागितला होता म्हणे. कशाला, ते मला सांगितलेलं नाही. मी चहा टाकला. माझ्याकडे भांडण असलेल्या माणसालाही चहा मिळतो.

किटली ठेवून मी तिच्यासमोर बसले. ती पेशंटांबद्दल काहीतरी सांगत होती. मध्येच ती थांबली, माझ्याकडे बघितलं, किटलीकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे. मग उठली आणि गॅस बंद केला.

मी म्हटलं, उकळलं नव्हतं अजून.

ती म्हणाली, “काकू, केव्हाची वाजतेय. भिंतीपलीकडच्या माझ्या पेशंटला ऐकू गेली असेल.”

ते लाडातलं काकू नव्हतं.

तिला वाटेला लावलं. मग दार लावून किटली पुन्हा ठेवली, पाणी उकळलं, वाफ जोरात यायला लागली. मी कान जवळ नेला. वाफेचा फुसफुसाट होता, बाकी काही नाही. शिट्टीच्या पत्र्यावर चमच्याची दांडी टेकवली. दांडी बोटांत थरथरत होती.

मनगटी घड्याळ डाव्या कानाला लावलं. काही नाही. उजव्या कानाला लावलं. काही नाही. सेकंदकाटा चालू होता.

चौतीस वर्षं हेडफोन डाव्या कानावर होता.

२३ मार्च

गॅरेजची वही घेऊन बसले. डिसेंबरात सहा वॉशरवर दोन बोटं. फेब्रुवारीत सहा वॉशरवर मूठ. मध्ये बदललं ते नळीच्या भोकांत बदललं, असं आम्ही धरून चाललो.

ठिपके प्लॅटिनमचे नाहीत. प्लॅटिनम असं सुटत नाही. ॲल्युमिनियमचे असावेत, म्हणजे पिस्टनचे. ह्यांनी मला हे सहा वर्षांपूर्वीच सांगितलं होतं आणि मी ते लिहूनही घेतलं होतं, पहिल्या पानावर, माझ्याच अक्षरात.

पाच दिवस उरलेत. दहा बल्ब दाखवायचे ठरले आहेत. इंजिनियर समोर उभा असताना पिस्टनला भोक पडलं, तर ह्यांची सहा वर्षं त्याच भोकातून जातील. आणि सांगितलं, तर त्याआधी मला सांगावं लागेल की माझे कान गेले.

वाचून पाहिलं. शेवटचं वाक्य पिस्टनच्या वाक्यापेक्षा मोठं वाटलं. ते तसं वाटायला नको होतं.

२४ मार्च

शेवटची तालीम. तीन वॉशर. सातव्या बल्बालाच मी तीन बोटं वर केली.

मला काहीही ऐकू आलेलं नव्हतं. नेहमीची धडधड, बाकी कोरा कागद. तरी बोटं वर केली. ह्यांनी पेट्रोलचा कॉक बंद केला आणि तसेच उभे राहिले. मग एक वॉशर घातला. पुन्हा चालवलं, पुन्हा तीन बोटं. अजून एक वॉशर. पुन्हा तीन. सहा वॉशर झाल्यावर मी मूठ धरली. का सहा? शेजारणीचे पेशंट सहावर दचकत नव्हते, एवढ्याच आधारावर. सात बल्ब.

काढलेले वॉशर ह्यांनी खिशातून एकेक करून परत घातले होते. खिशात एकच उरला, हात मात्र आतच होता.

वहीत मी लिहिलं: ‘३ वॉशर, तीव्र नॉकिंग’. म्हणजे न ऐकलेली मूठ लिहायची सवय होतीच, आज न ऐकलेली बोटंही लिहिली.

२५ मार्च

सकाळी चहाच्या वेळी सांगितलं. ह्यांच्या कानात यंत्र आहे ना, ते आधी बघितलं. एकदाच सांगणार होते.

म्हटलं, “अहो, मला नॉकिंग ऐकू येत नाही. कालची बोटं खोटी होती. त्याआधीच्या मुठी पण. कधीपासून ते मला माहीत नाही.”

ह्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, “किटली दोनदा कोरडी जळली. मला शिट्टी ऐकू येत नाही, पण वाफ दिसते. तू तिच्याशेजारी बसलेली असायचीस.”

“मग विचारलं का नाही?”

“तू मूठ धरत होतीस,” हे म्हणाले. “आणि बल्ब लागत होते.”

मला संताप यायला हवा होता. आरसा कशाला मागितला होता हेही तेव्हा कळलं. दहाव्या बल्बानंतर ह्यांना धीर निघेना, पण मला विचारायचा धीर होत नव्हता, म्हणून पिस्टनलाच विचारायचं ठरवलं होतं. आम्ही गॅरेजमध्ये गेलो. नळी काढून आरसा आत घातला, मी टॉर्च धरला. पिस्टनच्या डोक्यावर एका बाजूला देवीचे व्रण असावेत तसे खड्डे. भोक नव्हतं. हे म्हणाले, अजून दहा-पंधरा मिनिटं दहा बल्ब लावले असते तर पडलं असतं.

दोघंही आळीपाळीने बघत राहिलो. दोन बहिरी माणसं आणि दातांचा आरसा.

२६ मार्च

शाळेत सिस्टरांचा नियम होता: चूक रबराने पुसायची नाही. पट्टी धरून तिच्यावर एकच रेघ मारायची, म्हणजे चूक वाचता येते, आणि शेजारी सही. पुसलेल्या चुकीला सिस्टर लबाडी म्हणत आणि वेगळी शिक्षा देत.

पंधरा फेब्रुवारी ते चोवीस मार्च, माझ्या ऐकण्याच्या सगळ्या नोंदींवर लाल रेघ मारली. प्रत्येकीशेजारी लिहिलं: ‘श्रवण अविश्वसनीय’. खाली सही. सहा नोंदी, सहा सह्या. हे म्हणाले, ही वही तो माणूस बघणार आहे, नवीन वहीत उतरवून काढू. मी म्हटलं, तुम्ही वॉशर मोजा, वहीचं मी बघते.

मग शेजारणीकडे गेले. अठ्ठावीसला दुपारी अर्धा तास गॅरेजच्या दारात उभी राहशील का, विचारलं. बोटांची भाषा शिकवली. ती म्हणाली, एवढंच ना काकू, माझे पेशंट पण तोंड उघडं असताना मला बोटांनीच सांगतात. मला नियमांमध्ये एवढी घाई आवडत नाही. दोनदा म्हणून घेतलं.

२८ मार्च

इंजिनियर वेळेवर आला. बुटांना पॉलिश होतं, गॅरेजमध्ये पाऊल टाकायच्या आधी त्याने जमीन बघून घेतली. बोलणं कमी. त्याने वही मागितली आणि उभ्याउभ्या सुरुवातीपासून वाचली. लाल रेघांपाशी थांबला.

“हे कुणी खोडलं?”

“मी.”

“सगळं वाचता येतंय.”

“म्हणूनच एक रेघ,” मी म्हटलं.

त्याने आरशाने पिस्टन पाहिला, ठिपके कागदावर काढून घेतले. मग सहा वॉशरवर इंजिन चालवलं. सात बल्ब. शेजारीण पांढरा कोट घालून दारात, मूठ वर. बाटलीत मोजून घातलेलं पेट्रोल एकेचाळीस मिनिटं पुरलं. ठिणगीवालं इंजिन तेवढ्यावर तेहेतीस मिनिटं चालतं, हा आकडा त्याच्याकडे होता, आमच्याकडे नव्हता. त्याने फक्त तो सांगितला. मग त्याने स्वतः एक वॉशर काढला. सात बल्बांवर शेजारणीने दोन बोटं वर केली. इंजिनियरनेही मान हलवली, त्यालाही ऐकू आलं होतं. ह्यांनी तिच्या बोटांकडे पाहिलं, मग सवयीने माझ्या हाताकडे. माझे हात मागे बांधलेले होते.

जाताना म्हणाला, कळवू. चहा अर्धा ठेवला.

४ एप्रिल

कान तपासून आले. काचेच्या खोलीत बसवलं आणि म्हणाले, आवाज आला की बटण दाबा. मी बराच वेळ बटणावर बोट ठेवून बसले होते. कागदावर रेघ काढून दिली. कागदाच्या डाव्या बाजूला, जाड आवाजांपाशी, ती बरी आहे आणि उजव्या बाजूला, बारीक आवाजांपाशी, जिन्यावरून पडते. यंत्र दोन आठवड्यांनी मिळेल. त्याबद्दल इथे काही लिहिणार नाही.

लेकीला फोन केला, उजव्या कानाने. त्या दिवशी ती खरंच ओरडत होती म्हणाली. मी मान्य केलं.

१२ एप्रिल

कंपनीचं पत्र. दहा बल्बांचा दावा स्वीकारता येत नाही. सात बल्बांवरची पेट्रोलची बचत पुन्हा तपासण्यासारखी आहे. नवीन पिस्टन ते ओतून देतील, दोन महिन्यांनी दुसरी चाचणी. खोडलेल्या पानांसह मूळ वही सोबत पाठवावी, प्रत नको.

ह्यांनी पत्र तीनदा वाचलं. वही जाणार म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस म्हणाले. मी म्हटलं, मला कुठे वाटतंय. नवीन वहीला आजच कव्हर घातलं.

पत्राबरोबर पुन्हा तोच फॉर्म. हे म्हणाले, तूच भर. पत्ता, मापं, वॉशर, भोकं. मग तो रकाना आला: ‘नॉकिंग मोजण्याचे साधन’. पेन टेकवून थोडा वेळ बसले. मग लिहिलं: ‘कान (शेजारणीचे)’.

जुन्या पिस्टनवर आज हळूच चालवून पाहिलं, सात वॉशर, पाच बल्ब, फक्त तिचा सराव म्हणून. ती दारात उभी होती, हात वर. मूठ धरताना अंगठा आत ठेवते, ते तिला सांगायला हवं. हे आणि मी बाकाशेजारी उभे होतो. इंजिन चाललं होतं, धडधड पायांखालच्या जमिनीतूनही कळत होती, आणि आम्ही दोघं तिच्या हाताकडे बघत होतो.